सहलीच्या दिवशी ताप

"ग्लेंडा, रीसला ताप आहे गं. आज नाही येत तो."

सव्वासहा झाले होते. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, हातात लोण्याची सुरी आणि ओट्यावर पावाच्या चकत्या मांडलेल्या. तीन पोरांची शिदोरी चालली होती. ग्लेंडाचा हात थांबला.

"अरे देवा! नेमका आजच? किती आहे?"

"आहे बराच. रात्रभर कण्हत होता." कार्ली घाईघाईत बोलत होती, जिना उतरता उतरता बोलावं तशी. "तुम्ही जा, मजा करा. कोकरांना सांग, रीस पुढच्या वेळी येईल."

"आणि तू? सुट्टी टाकलीस ना?"

"हो हो, टाकली. ठेवते." आणि ठेवलाच.

बिचारं पोर, ग्लेंडाच्या मनात आलं. आठवडाभर रीसनं तिचं डोकं खाल्लं होतं. मावशी, कोकरू दूध पिताना चावतं का? मावशी, बाटली मी धरायची की तू? मावशी, त्याला रीस नाव ठेवलं तर चालेल का? चार वर्षांचा पोरगा, पण प्रश्न असे की वकिलाला घाम फुटावा. आणि नेमका आज तापानं फणफणला. मागच्या वेळीही असंच झालं होतं. त्याच्या आधीही. तिन्ही वेळा सहलीच्याच दिवशी.

आता तुम्हाला वाटेल, बत्तीस वर्षं पाळणाघर चालवलेली बाई, तिला एवढं कळू नये? पण नाही ना कळलं! तेच तर सांगायचंय.

ग्लेंडाचं पाळणाघर म्हणजे इंग्लंडमधल्या नेल्सन गावात चढावरच्या रांगेतलं तिचं स्वतःचं घर. पुढच्या खोलीत खेळणी, मागच्या खोलीत तीन गाद्या आणि फ्रिजवर चित्रं. त्या वसंतात तिच्याकडे तिघं होती: रीस, झैनब आणि जॉन्टी. एकट्या बाईनं एवढी लहान पोरं तीनच सांभाळायची, असा तिकडचा कायदा आहे. आणि बाई एकटी, त्यामुळे सहलीचं गणित सरळ. एकाला मागे ठेवायचं म्हटलं तर ठेवणार कोणाकडे? गेली तर सगळी, नाहीतर कोणीच नाही.

सांभाळण्याच्या तासांचे पैसे सरकार देतं. सहलीचं मात्र सरकार एक पैसा देत नाही. ते आईबापांनी द्यायचं, आणि तेही जबरदस्तीनं मागायचं नाही. म्हणून ग्लेंडा फोनवरच्या आयांच्या ग्रुपवर दर वेळी लिहायची, 'बुधवारी फार्म, बसभाडं धरून प्रत्येकी बारा पौंड, ऐच्छिक.' ऐच्छिक हा शब्द ती कधी विसरायची नाही, तपासणीवाली बाई आली तर दाखवता यावा म्हणून. आणि त्याखाली ज्यानं भरले त्याच्या नावापुढे हिरवी खूण करायची. कशाला? तर कोणी दोनदा भरू नये म्हणून. साधी सोय हो! झैनबच्या आईची, सायमाची, खूण पाच मिनिटांत पडायची. जॉन्टीच्या आईची, इमोजेनची, तिच्याही आधी. आणि मग रीसचं नाव दोन-तीन दिवस तसंच कोरं लटकत राहायचं, सगळ्यांच्या फोनमध्ये.

ऑक्टोबरात काय झालं होतं, भोपळ्यांच्या मळ्यात जायचं होतं, तेव्हा कार्लीनं खालमानेनं येऊन सांगितलं की ह्या वेळी जमत नाहीये. ग्लेंडा म्हणाली, "हात्तिच्या, मी भरते की! कोणाला कळतंय?" आणि कळलं. ग्लेंडाच्याच तोंडून कळलं, बोलायच्या ओघात. इमोजेन दारात उभी राहून, अगदी गोड हसून म्हणाली, "अगं ग्लेंडा, पैशाचं काही नाही गं. पण मग आम्हीच का भरायचे? तत्त्वाचा प्रश्न आहे." नेमकी तेव्हा कार्ली मागून पायऱ्या चढत होती. तिनं ऐकलं. ग्लेंडानं पाहिलं की तिनं ऐकलं. आणि गडबडून, वाद मिटवायला म्हणून, ग्लेंडा बोलून गेली, "बरं बाई, इथून पुढे सगळ्यांनी भरले तरच सहल. एकानं नाही भरले तर कोणीच नाही जायचं."

तिला वाटलं, किती न्यायाचं बोलले.

आणि तेव्हापासून कार्ली 'पैसे त्या सकाळीच हातात देते' म्हणायला लागली, आणि रीस सहलीच्या दिवशी आजारी पडायला लागला.

तर त्या बुधवारी निघाली मंडळी. दोघंच पोरं. झैनब गुलाबी टोपीत आणि जॉन्टी त्याच्या महागड्या जाकिटात, दोघांच्या पाठीला दोऱ्या आणि दोऱ्यांची टोकं ग्लेंडाच्या मुठीत. तिघं असली की ग्लेंडा कधी बसच्या वरच्या मजल्यावर जायची नाही. दोन हातांत तीन पोरं घेऊन तो अरुंद जिना चढायचा कसा? पण आज दोघंच, आणि जॉन्टी थांब्यापासून वर जायचं म्हणून गळा काढत होता.

"चला बाबा, चला. सत्तावन्न वर्षांची म्हातारी चढवा वर."

"तू म्हातारी नाहीस," झैनब म्हणाली. "तू फक्त जाडी आहेस."

"उपकार झाले गं बाई तुझे."

अगदी पुढची जागा मिळाली, काचेला नाक लावून. बस उतारानं निघाली. जॉन्टी ड्रायव्हर झाला, झैनब कंडक्टर झाली, ग्लेंडाला तीनदा तिकीट काढावं लागलं. गालिचाच्या बंद पडलेल्या दुकानापाशी लाल दिवा लागला आणि बस थांबली. त्या दुकानाच्या वर कार्ली राहायची. वरच्या मजल्यावरून बघितलं तर तिची खिडकी अशी समोर, की हात लांब केला तर काचेला लागावा.

"रीस!" झैनब ओरडली. "मावशी, रीस बघ!"

खिडकीत रीस होता.

अंगात कोट, वरपर्यंत बटणं लावलेला. डोक्यावर टोपी. खिडकीच्या फळीवर उभा, म्हणून पायसुद्धा दिसत होते, आणि पायांत हिरवे गमबूट.

त्याचंही लक्ष गेलं. तोंड असं उघडलं त्याचं! काचेतून आवाज येत नव्हता पण ओठ कळत होते, मावशी, मावशी. दोन्ही हात हलवले, उडी मारून खाली उतरला आणि दिसेनासा झाला. दारात पळाला असणार. त्याला वाटलं, मला न्यायला आले.

दिवा हिरवा झाला. बस निघाली.

ग्लेंडाला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बरं वाटलं! ताप उतरला वाटतं, पोरगं उठून खेळतंय. मग मनात आलं, कार्ली त्याला फळीवर चढू कशी देते? आणि मग तिनं फोन लावला. बराच वेळ वाजला.

"हॅलो?" कार्ली अगदी दबक्या आवाजात.

"कसा आहे गं रीस?"

"आत्ताच झोपला. माझ्या मांडीवरच आहे."

फोनमध्ये तिच्या मागून एक म्हातारा ओरडला, "नर्स! ओ नर्स! माझा चहा कुठाय?" कार्ली वृद्धाश्रमात कामाला होती, म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं. बोलावतील तेव्हा जायचं आणि दोनदा नाही म्हटलं की बोलावणंच बंद, अशातली नोकरी.

"कार्ली," ग्लेंडा म्हणाली, "मी आत्ता बघितलं त्याला. खिडकीत."

पलीकडे म्हातारा तेवढा चहा मागत होता.

"कार्ली, घरी कोण आहे त्याच्याजवळ?"

फोन बंद झाला.

पुढच्या थांब्यावर ग्लेंडा दोन पोरांना अक्षरशः बगलेत मारून खाली उतरली. जॉन्टीनं भोकाड पसरलं, "कोकरं! कोकरं!" वर गारा सुरू झाल्या. चढ उलटा चालत, धापा टाकत, ती दुकानाच्या बाजूच्या दारापाशी पोचली. दाराला बाहेरून कुलूप. ग्लेंडानं दोन्ही हातांनी दार ठोकलं आणि मग खाली वाकून पत्रं टाकायच्या फटीचं झाकण उचललं.

आत काळोखा जिना, आणि शेवटच्या पायरीवर, दाराला गुडघे टेकतील इतक्या जवळ, रीस बसला होता.

"मावशी, मी तयार आहे. सगळं मी एकट्यानं घातलं."

"शाब्बास रे माझ्या राजा," ग्लेंडा म्हणाली.

"दार उघड ना."

"किल्ली मम्मीकडे आहे ना बाळा. येतेच आहे ती. आपण बसू गप्पा मारत, काय?"

"मम्मी म्हणाली, खिडकीत जायचं नाही. मी गेलो. तू सांगू नको."

आतून पाव करपल्याचा वास येत होता. ग्लेंडानं फटीला तोंड लावलं. "रीस, तू काही पेटवलंस का रे? गॅस? टोस्टर?"

"टोस्ट केला. काळा झाला. पण मी खाल्ला."

"धूर येतोय का अजून? वर बघ, धूर आहे?"

"नाही. घंटा वाजली होती छतावरची. मग आपोआप गप्प झाली. मी कान असे बंद केले."

ग्लेंडा सरळ झाली. तिनं कुलूप ओढून बघितलं. हलेना. फोडायचं म्हटलं तर कशानं, आणि फोडून त्या मुलाच्या देखत काय सांगायचं? आग असती तर? हाच जिना. हेच दार. ती सारखी वाकून वास घेत राहिली. पाच मिनिटांत कार्ली दिसली नाही तर बंबवाल्यांना फोन लावायचा, असं ठरवून तिनं फोन हातातच धरला. इकडे झैनबनं पिशवीतून वेफर्सची पुडी काढली, फोडली आणि एकेक वेफर फटीतून आत सरकवायला लागली, पत्र टाकल्यासारखा.

"आला?"

"आला."

"हा घे. आला?"

"तुटका आहे."

"तुटकाच खा. भिकाऱ्यानं निवड करायची नसते," झैनब म्हणाली. कुठं ऐकलं होतं कोण जाणे. तीन वर्षांची पोरगी! एरवी ग्लेंडा हसून लोळली असती.

कार्ली धावत आली. अंगावर कामाचा जांभळा झगा, कोट नाही, केसांत गारा. तेवीस वर्षांची, पण तेव्हा दहा वर्षांच्या पोरीसारखी दिसत होती, शाळेत उभं केलेल्या. ग्लेंडाकडे न बघता तिनं किल्ली लावली. दोनदा चुकली. दार उघडलं, रीस बाहेर आला आणि आईच्या पायांना मिठी मारून लगेच ग्लेंडाला म्हणाला, "चल. कुठाय बस?"

पोरं जिन्यावर खेळायला लागली तसं दोघी दारात बोलल्या. हळू, पण दात आवळून.

"नोव्हेंबरात पण?" ग्लेंडानं विचारलं. "फेब्रुवारीत, कान दुखतोय म्हणालीस तेव्हा पण?"

कार्ली केसांतल्या गारा झटकत राहिली.

"मी सूप घेऊन आले होते गं त्या दिवशी!"

"तेव्हा मी परत आले होते. फक्त सकाळचं काम घेते मी. साडेसहा ते एक. तो झोपलेलाच असतो निम्मा वेळ."

"चार वर्षांचा आहे तो, कार्ली! कुलपात!"

"मग काय करू?" ती एकदम उसळली. "तूच म्हणालीस ना, एकानं नाही भरले तर कोणीच नाही जायचं? माझ्यामुळे ह्या दोघांची कोकरं बुडवू? आणि मग ती बया दारात उभी राहून गोड हसणार माझ्याकडे बघून?"

"मी ऐच्छिक लिहिलं होतं."

"ऐच्छिक!" कार्ली हसली, पण कसलं हसणं ते. "हिरव्या खुणा लावतेस ग्लेंडा तू. सगळ्यांच्या फोनमध्ये रीसचं नाव कोरं. तीन दिवस मी फोन उघडायची नाही. बारा पौंडात आमच्या विजेच्या मीटरचे चार दिवस निघतात, माहितीये तुला?"

"मला एकटीला सांगायचं होतंस."

"एकदा सांगितलं होतं. एकटीलाच सांगितलं होतं."

गारा थांबल्या होत्या. जॉन्टी जिन्यावरून विचारत होता, कोकरं इथं राहतात का?

"मला बालसंरक्षणवाल्यांना फोन करावा लागेल गं," ग्लेंडा शेवटी म्हणाली. "तुला माहितीये. असं काही दिसलं की कळवायचंच, तो नियमच आहे आमचा. तुझ्या पाठीमागे नाही करणार, म्हणून तोंडावर सांगते."

कार्लीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं ग्लेंडाची बाही धरली.

"नको करू. मी परत नाही करणार. शप्पत. काम सोडते, काहीही करते. ग्लेंडा, ते नेतील त्याला."

"असं एका गोष्टीसाठी नाही नेत कोणी—"

"मला नेलं होतं," कार्ली म्हणाली. "सहा वर्षांची होते. एका रात्रीसाठी म्हणाले होते."

रीस मधे आला, त्याला शू लागली होती.

दुपारी तिघं मागच्या खोलीत झोपली. हो, तिघं. कार्लीला वृद्धाश्रमात परत जाणं भाग होतं, नाहीतर नोकरी गेली असती, म्हणून रीसला ग्लेंडानंच घरी आणलं. तो गमबूट काढू देईना. तसाच झोपला.

ग्लेंडा स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसली. गप्प बसता आलं असतं का? आलं असतं. पोरं घरी काहीबाही सांगतात, आया हसून सोडून देतात. पण तिच्या नाकातून तो करपट वास जाईना. आणि दुसरं म्हणजे, गप्प बसले तर ते कार्लीसाठी की स्वतःसाठी, हेच तिला ठरवता येईना. पाऊण तासानं तिनं नंबर लावला.

पलीकडची बाई चांगली होती, मऊ बोलणारी. मुलाचं नाव? जन्मतारीख? किती तास एकटा होता? ह्याआधी किती वेळा? अंगावर काही खुणा?

"खुणा नाहीत. आई फार चांगली आहे हो त्याची," ग्लेंडा म्हणाली. "आणि हे पण लिहा, की सहलीच्या पैशांवरून झालं. मी ग्रुपवर कोणी भरले कोणी नाही ते लावायची. मीच म्हणाले होते की सगळ्यांनी भरले तरच. माझीही चूक आहे त्यात."

टकटक टाइप केल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"त्याला इथे रकाना नाहीये, मॅडम," ती बाई म्हणाली. "आईनं मुलाला घरात कोंडून ठेवलं, एवढं बरोबर आहे ना?"

ग्लेंडानं मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"हॅलो? बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," ग्लेंडा म्हणाली.

संध्याकाळी इमोजेन आली, जॉन्टीनं तिला सगळं सांगितलं, आम्ही रीसला दारातून वेफर्स भरवले. इमोजेनला वाटलं काहीतरी खेळ असेल. "आणि फार्म?" तिनं विचारलं. फार्म रद्द झालं म्हटल्यावर तिनं ओठ मुडपले. "शेवटी नुकसान मुलांचंच होतं, नाही का?"

ग्लेंडानं त्या रात्री ग्रुप पुसून टाकला. सहलीही बंद केल्या. आता पोरांना घेऊन ती कोपऱ्यावरच्या बागेत जाते. तिथे बदकं आहेत आणि फुकट आहेत.

रीसला नेलं नाही. पण माणसं आली. कार्लीच्या घरी दोघी बायका गेल्या, फ्रिज उघडून बघितला, अंथरूण बघितलं, रीसला एकट्याला बसवून चित्रं काढायला लावली. मग कागद झाले. त्या कागदांत एक कलम असं, की मुलगा सकाळी पाळणाघरात येईल तेव्हा कसा आहे, जेवलाय का, स्वच्छ आहे का, अंगावर काही आहे का, ते सांभाळणाऱ्या बाईनं रोज वहीत नोंदवायचं. म्हणजे ग्लेंडानं.

ग्लेंडाला वाटलं होतं, कार्ली आता त्याला माझ्याकडे पाठवायची नाही. पण पाठवणार दुसरं कुठे? सगळीकडे नाव लावून थांबायचं. सोमवारी सव्वासहाला घंटा वाजली. पायरीवर कार्ली, जांभळ्या झग्यात, रीसचं बोट धरून. ग्लेंडाच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "दूध आणि केळं खाल्लंय. दात घासलेत. नखं काल कापली."

"अगं, मी कुठं काय विचारलं?"

"लिहून घे."

आणि मग तिनं खाली वाकून रीसच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, त्याचे दोन्ही हात ग्लेंडासमोर धरले, आधी असे आणि मग उलटे करून. गोरे, गुबगुबीत, स्वच्छ हात. "बघितलेस?" कार्लीनं विचारलं. ग्लेंडाला मान हलवावी लागली. कार्लीनं बाह्या परत खाली केल्या, पोराची पापी घेतली आणि चढ उतरून कामाला गेली.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. ग्लेंडा म्हणाली, नको गं असं करू, मी लिहिते ना सगळं चांगलं. कार्ली म्हणाली, "चांगलं नको. बघून लिही." त्यापलीकडे एक शब्द नाही.

तिसऱ्या आठवड्यात कार्लीला बाह्या सारायची गरज उरली नाही. दार उघडलं की रीस आत येतो, बूट काढतो, टोपी खुंटीला अडकवतो आणि स्वतःच बाह्या वर करून हात पुढे धरतो. त्याला वाटतं, आत यायचं म्हणजे असंच असतं.

परवा त्याच्या मागोमाग झैनब आली. तिनं पाहिलं. तिनंही दप्तर खाली ठेवलं, गुलाबी बाह्या वर ओढल्या आणि रीसच्या शेजारी उभी राहिली. मग जॉन्टी आला. त्याची बाही अडकली, त्याला रीसनं मदत केली. इमोजेन दारात गाडीची किल्ली हातात घेऊन उभी, हसत, "काय गं हे, नवीन खेळ का?"

ग्लेंडा गुडघ्यांवर बसली. रीसचे हात बघितले. मग झैनबचे. मग जॉन्टीचे. उलटे करून.